चंद्राच्या वाटेवर विक्रोळी लागते

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चं ‘विक्रम’ लँडर चंद्रावर अलगद टेकलं आणि शाळाशाळांतून टाळ्या घुमल्या. टाळ्या ओसरल्यावर घरोघरी एकच प्रश्न निघाला : “आमच्या मुलीला इस्रोत जायचंय, काय करावं लागेल?” त्याचं उत्तरही ठरलेलं. गणित पक्कं करा, जेईई द्या, एरोस्पेस इंजिनीअरिंगला प्रवेश घ्या. आणि जेईईत कमी पडलं तर? मग उत्तर देणाराही गप्प.

हे उत्तर चुकीचं नाही, पण फार तोकडं आहे. चांद्रयान चंद्रापर्यंत कसं पोचलं ते जरा मागे मागे जात पाहू. त्याला घेऊन निघालेल्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाच्या मधल्या टप्प्यात दोन ‘विकास’ इंजिनं असतात. ही इंजिनं मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार होतात. प्रक्षेपकाच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे दोन अजस्र बूस्टर असतात. त्यांच्या पोलादी कवचांचे ३.२ मीटर व्यासाचे भाग पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला घडतात. साखर कारखान्यामुळे वसलेलं इंदापूर तालुक्यातलं हे गाव. म्हणजे चंद्राची वाट श्रीहरिकोट्याहून सुरू होते असं आपण म्हणत असलो, तरी त्या वाटेवर आधी विक्रोळी लागते, वालचंदनगर लागतं. आणि तिथं हे काम करणाऱ्यांत एरोस्पेसचे पदवीधर थोडेच. जोडारी, कातारी आणि संधाते अधिक. आयटीआयच्या फलकावर फिटर, टर्नर आणि वेल्डरसाठी लिहिलेली ही आपली मराठी नावं.

अवकाश हा एक विषय नाही, ते एक ठिकाण आहे. तिथं जायला वीस-पंचवीस निरनिराळी कसबं लागतात. म्हणून मुलांना सांगायचं ते हे : आधी कसब निवडा, मग अवकाश.

जेव्हा हा विषयच नव्हता

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधल्या थुंबाहून नाइकी-अपाची हा छोटा अमेरिकी अग्निबाण उडाला आणि भारताचा अवकाश कार्यक्रम सुरू झाला. तो उभा करणारी माणसं काय शिकून आली होती? विक्रम साराभाई विश्वकिरणांचे अभ्यासक. त्यांचे सुरुवातीपासूनचे सहकारी, कोल्हापूरला जन्मलेले एकनाथ चिटणीस हेही विश्वकिरणांचेच. थुंबाची जागा शोधण्यात चिटणीसांचा मोठा वाटा होता. पुण्याचे वसंत गोवारीकर रसायन अभियंता. घन इंधन म्हणजे शेवटी रबरासारखं एक रसायनच. ते देशात बनवण्याचं काम त्यांच्या नेतृत्वाखाली झालं आणि १९८० मध्ये एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक तेच होते.

यांच्यापैकी कुणी महाविद्यालयात ‘अवकाश’ हा विषय घेतला नव्हता, कारण तो तेव्हा भारतात नव्हताच. प्रत्येकानं एक विषय मुळापासून शिकला आणि मग तो अवकाशाच्या कामाला लावला. आज अभ्यासक्रम आहेत, संस्था आहेत. तरी कामाची रीत पुष्कळशी तीच आहे.

इस्रोची अनेक दारं

इस्रो म्हणजे एखादी इमारत नव्हे. प्रक्षेपकांचं काम तिरुवनंतपुरमला, उपग्रहांची बांधणी बंगळुरूला, उपग्रहांवरची उपकरणं आणि त्यांचे उपयोग अहमदाबादला, उपग्रहांनी पाठवलेल्या माहितीवरचं काम हैदराबादला, इंजिनांच्या चाचण्या तमिळनाडूत महेंद्रगिरीला आणि उड्डाण श्रीहरिकोट्याहून. प्रत्येक ठिकाणची गरज वेगळी.

शास्त्रज्ञ-अभियंता या पदासाठी इस्रोची मध्यवर्ती परीक्षा आणि मुलाखत असते. ती बहुतेक वेळा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स या तीन शाखांसाठी निघते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पात्रतेसाठी पदवीला साधारण ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीए लागतो. म्हणजे सांगली, अमरावती किंवा नांदेडच्या चांगल्या महाविद्यालयात मेकॅनिकल शिकलेली मुलगी या परीक्षेला आयआयटीच्या विद्यार्थ्याशेजारी बसू शकते. सिव्हिल, इलेक्ट्रिकल, आर्किटेक्चर, इतकंच नव्हे तर रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या पदवीधरांसाठीही वेळोवेळी जागा निघतात. प्रक्षेपण तळ बांधावा लागतो, उपग्रह जोडायच्या खोल्यांचं तापमान आणि धूळ काबूत ठेवावी लागते. ती कामंही कुणाला तरी करायची असतातच.

याच्या पुढची दारं आणखी कमी माहितीची. अभियांत्रिकी पदविका पहिल्या वर्गात उत्तीर्ण असेल तर टेक्निकल असिस्टंट, बीएस्सी पहिल्या वर्गात असेल तर सायंटिफिक असिस्टंट, आणि दहावीनंतर आयटीआय केलं असेल तर टेक्निशियन. या जागा ती ती केंद्रं स्वतःच भरतात आणि त्यांच्या जाहिराती त्यांच्याच संकेतस्थळांवर येतात. ‘दहावीनंतर आयटीआय’ म्हटलं की आपल्याकडे पालकांचा चेहरा पडतो. त्यांनी १२ ऑगस्ट २०२१ ची गोष्ट ऐकावी. त्या दिवशी जीएसएलव्ही-एफ१० हा प्रक्षेपक पहिले दोन टप्पे बिनचूक पार करून गेला, पण तिसरा, क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही आणि उपग्रह गमावला. चौकशीत कारण निघालं ते एका झडपेतली गळती. त्या गळतीमुळे द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीतला दाब कमी पडला होता. कागदावरची गणितं बरोबर असून भागत नाही. झडप घट्ट बसली पाहिजे, सांधा निर्दोष जुळला पाहिजे, आणि तो जुळलाय हे तपासणाऱ्यानं कंटाळा न करता तपासलं पाहिजे. अवकाशाच्या कामात हाताच्या कसबाला कमी लेखून चालत नाही.

बारावीनंतर थेट या क्षेत्राचं शिक्षण घ्यायचं असेल तर तिरुवनंतपुरमजवळची भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयआयएसटी, आहे. अवकाश विभागानं ती २००७ मध्ये सुरू केली. एरोस्पेस, एव्हियॉनिक्सचा भर असलेलं इलेक्ट्रॉनिक्स आणि इंजिनीअरिंग फिजिक्सचा दुहेरी पदवी अभ्यासक्रम तिथं आहेत. पदवीचे प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणांवर होतात. गुणांची ठरलेली अट पूर्ण करणाऱ्यांना, जागा असतील त्याप्रमाणे, इस्रोत घेतलं जातं. पण जागा थोड्या आहेत. आयआयएसटी हुकलं म्हणजे अवकाश हुकलं असं मानायचं कारण नाही.

वर पाहणारे

खगोलशास्त्र आणि अवकाश तंत्रज्ञान ही दोन वेगळी क्षेत्रं आहेत. एकात आकाश समजून घ्यायचं असतं, दुसऱ्यात तिथं जायचं यंत्र बनवायचं असतं. ज्या मुलाला कृष्णविवरांचं वेड आहे, त्याला रॉकेटच्या नळ्यांत रस असेलच असं नाही. पालक मात्र दोघांनाही ‘इस्रो’ एवढंच सांगतात.

आकाश समजून घेणाऱ्यांसाठी महाराष्ट्राइतकं सोयीचं दुसरं राज्य शोधावं लागेल. पुण्यात जयंत नारळीकरांनी उभारलेली आयुका आहे. शेजारीच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, एनसीआरए आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मधोमध साधारण एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी या तबकड्यांसाठी जड पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरली, म्हणून त्या हलक्या झाल्या, वारा त्यातून निघून जाऊ लागला आणि खर्चही आवाक्यात आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण रेडिओ संदेश टिपला गेला तो जुन्नर तालुक्यातल्या या जाळ्यांवर.

सूर्याकडे पाहणाऱ्या आदित्य-एल१ वरची अतिनील किरणांची दुर्बीण, ‘सूट’, आयुकात आकाराला आली. सूर्याचे बरेचसे अतिनील किरण ओझोनचा थर अडवतो. आपल्या कातडीसाठी ते बरंच; पण अभ्यासकाला मग दुर्बीण वातावरणाबाहेर न्यावी लागते. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं हे यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. अशी दुर्बीण बनवताना खगोलशास्त्रज्ञाच्या बरोबरीनं प्रकाशविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्ररचना आणि सॉफ्टवेअर जाणणारी माणसं लागतात.

पुढची दोन मोठी कामंही इथलीच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन हात, त्यात निर्वात नळ्या आणि टोकांना आरसे. गुरुत्वीय लहर येते तेव्हा या हातांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजाराव्या भागाहून लहान असू शकतो. तो मोजायला लेझर, निर्वात तंत्र, भूकंपशास्त्र, नियंत्रण प्रणाली आणि संगणक यांतली जाणकार माणसं लागतील. दुसरं काम दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या महादुर्बिणीचं. भारत त्यात सहभागी आहे, त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर झाले आहेत, आणि आपल्याकडच्या कामाची धुरा पुण्याच्या एनसीआरएकडे आहे.

या वाटेचा नकाशा असा : बारावीनंतर भौतिकशास्त्रात बीएस्सी, मग आयआयटीच्या ‘जॅम’ परीक्षेतून एमएस्सी, किंवा बारावीनंतर थेट पुण्यासारख्या ठिकाणच्या आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस. पुढे नेट, जेस्ट किंवा आयुका-एनसीआरएची स्वतःची प्रवेश परीक्षा आणि पीएचडी. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. त्या काळात शिष्यवृत्ती मिळते. २०२३ पासून केंद्राची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. त्यापुढे दोन-तीन ठिकाणी, बहुधा परदेशात, पोस्टडॉक आणि मग कायमची नोकरी. म्हणजे पस्तिशी उजाडते. आणि कायमच्या जागा पीएचडी करणाऱ्यांच्या मानानं कमीच असतात.

हे मुलांपासून लपवू नये, पण त्याची भीतीही घालू नये. या वर्षांत जे हाती लागतं ते वाया जात नाही. गोंगाटातून क्षीण खूण वेगळी काढणं, अफाट माहितीतून नेमकं शोधणं, आपल्याच निष्कर्षावर शंका घेणं, हे ज्याला जमतं त्याला वैद्यकीय प्रतिमांपासून बँकांपर्यंत मागणी असते. खगोलशास्त्रात पीएचडी करून डेटा सायन्सकडे वळलेली माणसं पुष्कळ आहेत आणि ती हरलेली नाहीत.

खाली पाहणारे

सगळे वर पाहत असतात. खाली पाहण्यात खरी कामं जास्त आहेत, आणि याच बाजूची चर्चा सगळ्यात कमी होते.

साराभाईंचा आग्रह पहिल्यापासून होता की अवकाश तंत्र सामान्य माणसाच्या कामी आलं पाहिजे. १९७५-७६ मध्ये नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शेती, आरोग्य आणि शाळेचे धडे पोचवले गेले. ‘साइट’ नावाच्या त्या प्रयोगातही चिटणीस आघाडीवर होते. आज तोच विचार सुदूर संवेदनात दिसतो. उपग्रहानं टिपलेल्या प्रतिमांवरून पिकं, पाणी, जंगलं, शहरं आणि किनारा वाचण्याचं ते शास्त्र.

पिकाचं हिरवं पान तांबडा प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. पीक सुकू लागलं की हे प्रमाण बदलतं. दोन्हींची तुलना केली की शेतात पाऊल न टाकता पिकाची तब्येत कळते. कोकणातला मच्छीमार समुद्रात जायच्या आधी ‘मासे कुठं असण्याची शक्यता आहे’ हा सल्ला पाहतो. तो हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून येतो आणि उपग्रहानं मोजलेल्या समुद्राच्या तापमानावर आणि रंगावर बेतलेला असतो; कारण वनस्पतिप्लवक जिथं दाटतं तिथं मासे येतात. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ उपग्रह रडारनं ढग भेदून पाहतो आणि दर बारा दिवसांनी जमीन आणि बर्फ पुन्हा मोजतो. जमीन काही मिलिमीटर ते सेंटिमीटर खचली किंवा सरकली तरी ते त्याला कळतं. पावसाळ्याचे चार महिने ढगांखाली राहणाऱ्या आणि दरडींची भीती बाळगणाऱ्या सह्याद्रीच्या गावांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

ही माहिती येते भरपूर. वाचणारे हात कमी पडतात. इथं भूगोल, भूशास्त्र, कृषी, पर्यावरण आणि वनशास्त्र यांच्या पदवीधरांना जागा आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ पासून हेच शिकवते आणि तिचे कित्येक ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं प्रादेशिक केंद्रही आहे. गोव्यात समुद्र आणि ध्रुवीय प्रदेशांवर काम करणाऱ्या दोन राष्ट्रीय संस्था आहेत. सराव घरीही होतो : क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दहा मीटर बारकाईच्या प्रतिमा फुकट आहेत. आपल्याच तालुक्यातल्या तलावाचं पाणी गेल्या पाच उन्हाळ्यांत किती उतरलं, हे बीएच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी स्वतः काढू शकते. नोकरीच्या मुलाखतीत दहा प्रमाणपत्रांपेक्षा असा एक नकाशा भारी पडतो.

आणि भूशास्त्र शिकणाऱ्यांसाठी बुलढाण्यातलं लोणार आहेच. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर. चंद्राचे डाग आणि मंगळाचा बराच पृष्ठभाग बेसॉल्टचाच. म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला जगभरचे ग्रहशास्त्रज्ञ लोणारला येतात. आपण तिथं सहलीला जातो आणि परततो.

चवळीला मोड

२०२० नंतर भारतात खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुलं झालं. त्यांना परवानगी आणि मदत देणारी इन-स्पेस ही संस्था अहमदाबादला आहे, आणि २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणानं कुणी काय करायचं ते लिहून ठेवलं. १८ नोव्हेंबर २०२२ ला हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस हा भारतातला पहिला खासगी अग्निबाण उडाला. ३० मे २०२४ ला चेन्नईच्या अग्निकुलनं त्रिमितीय छपाईनं बनवलेलं इंजिन वापरून आपला अग्निबाण उडवला. आयआयटी मुंबईच्या छत्राखाली वाढलेली मनस्तू स्पेस उपग्रहांसाठी विषारी हायड्राझीनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारी प्रणोदन यंत्रणा बनवते. या कंपन्यांत काम शिकायला पुष्कळ मिळतं, पण नोकरीची हमी सरकारी खात्यासारखी नसते. दोन्ही गोष्टी समजून उडी घ्यावी.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही स्वतःला वगळू नये. ३० डिसेंबर २०२४ ला गेलेल्या पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर कक्षेतच तरंगती प्रयोगशाळा म्हणून वापरला गेला. त्यात चवळीच्या बिया होत्या. चार दिवसांत चवळीला मोड आले. घरी उसळीसाठी आपण रोज करतो तीच गोष्ट, पण वजनरहित अवस्थेत मुळाला ‘खाली’ कुठं आहे हे कळत नाही, म्हणून तो प्रयोग. त्याच उड्डाणात मुंबईच्या अॅमिटी विद्यापीठानं पालकाच्या पेशी वाढवायचा प्रयोग पाठवला होता. अंतराळवीर शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर राहून आले, तेव्हा त्यांच्याकडच्या भारतीय प्रयोगांतही बिया, शेवाळ आणि स्नायूंच्या पेशी होत्या. माणूस अवकाशात राहणार असेल तर त्याच्याबरोबर डॉक्टर, अन्नतंत्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची कामं येणारच. कायदा शिकणाऱ्यांसाठीही काम आहे : १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी कंपनीच्या कृत्यांची जबाबदारीही तिच्या देशावर येते, त्यामुळे प्रत्येक कंत्राट, विमा आणि परवाना तपासायला जाणकार लागतो.

नासाबद्दल थोडं स्पष्ट

पुष्कळ मुलांना नासात जायचं असतं. नासाच्या कायम सेवेसाठी अमेरिकी नागरिकत्व लागतं. रॉकेट बनवणाऱ्या अमेरिकी खासगी कंपन्याही शस्त्रास्त्र निर्यातीच्या कडक नियमांमुळे सहसा नागरिकांना किंवा तिथं कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाच घेतात. एरोस्पेसमध्ये एमएस करायला मोठं कर्ज काढून जाणाऱ्यानं हे आधी वाचावं. खगोलशास्त्रातलं संशोधन मात्र बरंचसं खुलं आहे. तिथं पीएचडीला बहुधा शिष्यवृत्तीवर जाता येतं.

नासाची सहल आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेचं चकचकीत प्रमाणपत्र यांनी कुठलीही निवड होत नाही, हेही सांगून टाकलेलं बरं. इस्रोचा ‘युविका’ हा शालेय उपक्रम नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असतो, उन्हाळ्याच्या सुटीत सुमारे दोन आठवडे चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रवास आणि राहण्याचा खर्च इस्रो करते. ग्रामीण भागातल्या शाळेत शिकत असल्यास निवडीत त्याचे गुण मिळतात. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सुटतात. खेड्यातल्या शिक्षकांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी.

शाळेत असताना

मग शाळेतल्या मुलानं करायचं काय? मोजायला शिकायचं. अंगणात एक सरळ काठी रोवावी आणि दर रविवारी दुपारी तिची सर्वांत लहान सावली मोजून वहीत लिहावी. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्याकडे एक दिवस असा येतो की सूर्य थेट डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैच्या शेवटी तो पुन्हा येतो, पण पावसाळी ढगांत हरवतो. गावागावातल्या शून्य सावलीच्या तारखा जमवल्या तर पृथ्वीच्या वक्रतेचा हिशेब करता येतो. खर्च : एक काठी, एक वही.

ज्यांना हातानं करायला आवडतं त्यांनी जुना रेडिओ उघडावा, सोल्डरिंग शिकावं. बारा वर्षांवरच्या मुलांना परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवाना मिळतो. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी तुकड्यांमागून तुकड्या राबून बनवलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ ला कक्षेत गेला, तो हॅम रेडिओवरचे संदेश साठवून पुढं पाठवण्यासाठीच. त्याच वर्षी सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा दहा किलोचा ‘प्रथम’ गेला. काम सुरू करणारी मुलं उड्डाणापर्यंत पदवी घेऊन बाहेर पडली होती. शेवट दुसऱ्यांनी केला. मागच्यांनी लिहून ठेवलेलं वाचायचं आणि पुढच्यांसाठी लिहून ठेवायचं, ही या क्षेत्राची शिस्त तिथं आपोआप अंगी बाणते.

संगणक आवडणाऱ्यांनी पायथन शिकावं. झूनिव्हर्ससारख्या नागरिक विज्ञानाच्या उपक्रमात घरबसल्या दीर्घिका ओळखता येतात. परीक्षा आवडणाऱ्यांनी नोव्हेंबरातली खगोलशास्त्राची राष्ट्रीय प्रमाण परीक्षा द्यावी. तीच ऑलिंपियाडची पहिली पायरी, पुढच्या फेऱ्या मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राच्या देखरेखीखाली होतात. आणि नुसतं आकाश पाहायचं असेल तर १९४४ पासून पुण्यात चालणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि वांगणीला रात्रभर आकाशदर्शन घडवणारं मुंबईचं खगोल मंडळ आहे.

पालकांना आणि शिक्षकांना मात्र एक विनंती. २८ फेब्रुवारीच्या, विज्ञान दिनाच्या सुमारास आयुका आणि खोडदचं जीएमआरटी सर्वांसाठी खुलं होतं. एकदा मुलांना घेऊन जा. आयुकात मुलांसाठी चालणाऱ्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’ आहे. सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात आपले पु. ल. ही आलेच, इमारत त्यांच्याच कुटुंबाच्या देणगीतून उभी राहिली. ते पाहून झालं की खोडदच्या तबकडीखाली उभे राहा आणि मुलांना तिथल्या माणसांशी बोलू द्या. शास्त्रज्ञांशी तर बोलू द्याच, पण तबकडी फिरवणारी मोटर दुरुस्त करणाऱ्याशी, संगणक सांभाळणाऱ्याशी आणि जाळीची तार ताणणाऱ्याशीही बोलू द्या. ‘तुम्ही काय शिकलात?’ हा प्रश्न मुलांनी प्रत्येकाला विचारावा. परत येताना गाडीत ‘इस्रोत कसं जायचं’ हा प्रश्न बहुधा कुणी काढणार नाही. ‘मला यातलं कुठलं काम आवडेल’ हा काढतील. अभ्यासक्रमाची चौकशी त्यानंतर करा.